मानवशास्त्राची पदवी आणि फ्लोरिडाची खातेवही

मा. सिनेटर रिक स्कॉट यांस,


ऑक्टोबर २०११ मध्ये, फ्लोरिडाच्या गव्हर्नरपदाचे पहिलेच वर्ष चालू असताना, आपण जाहीरपणे म्हणालात की राज्याला आणखी मानवशास्त्रज्ञ नकोत. पदवी चांगली आहे, ज्याला हवी त्याने खुशाल घ्यावी. पण सरकारी पैसा विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित शिकणाऱ्यांवर खर्च व्हावा, कारण नोकऱ्या तिकडे आहेत. विधान दोन-चार वाक्यांचे, पण त्याचा धुरळा बरेच दिवस उडत राहिला. अमेरिकेतल्या मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेने निषेधाचे पत्र धाडले. टॅम्पाच्या साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी आपण याच राज्यात काय काय काम करतो ते चित्रांसह मांडून दाखवले. आणि वार्ताहरांनी शोधून काढले की आपल्या कन्येची पदवीही मानवशास्त्राचीच आहे. मुलीच्या पदवीवरून बापाला चिडवण्यात अनेकांनी मजा लुटली. ती चेष्टा इथे पुन्हा नको. आईबाप एक सांगतात आणि मुले दुसरेच शिकतात, हे घरोघरी चालते.

आपला प्रश्न मात्र रास्त होता. चार वर्षे घालवून, फी भरून, कर्ज काढून हातात पडणाऱ्या कागदाचे पैशांत काय होते, हे विचारण्यात गैर काही नाही. विद्वानांना हा प्रश्न हलका वाटतो, कारण तो विचारण्याची वेळ त्यांच्यावर सहसा आलेली नसते. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोहोचते, त्या घरात तो रोज विचारला जातो.

आकड्यांपुरते बोलायचे तर ते आपल्या बाजूने होते. जानेवारी २०१२ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठाच्या अभ्यासगटाने मंदीनंतरच्या पदवीधरांचा हिशेब मांडला. त्यात मानवशास्त्र आणि पुरातत्त्व शिकलेल्या ताज्या पदवीधरांत बेकारी १०.५ टक्के निघाली आणि नोकरी लागलेल्यांचा वार्षिक पगार २८ हजार डॉलरच्या घरात. त्या वर्षी ‘फोर्ब्स’ आणि ‘किपलिंजर’ या दोघांनीही ‘सर्वांत वाईट पदव्यां’च्या याद्या छापल्या आणि दोन्हींत मानवशास्त्राला पहिला मान दिला. याच जॉर्जटाउनच्या तक्त्यात वास्तुशास्त्राच्या नव्या पदवीधरांची बेकारी १३.९ टक्के होती, पण राज्याला वास्तुविशारद नकोत असे कोणी म्हणाल्याचे ऐकिवात नाही. घरबांधणीचा धंदा बसला होता, तो उठेल, हे सर्वांना ठाऊक होते.

पुढची गंमत न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने केली. ही बँक २२ ते २७ वयाच्या पदवीधरांची विषयवार माहिती देते. २०२३ सालाच्या आकड्यांवर बेतलेला तिचा तक्ता २०२५ मध्ये गाजला. त्यात मानवशास्त्र पुन्हा अव्वल: बेकारी ९.४ टक्के. पण त्याच्या पाठोपाठ भौतिकशास्त्र ७.८, संगणक अभियांत्रिकी ७.५ आणि संगणकशास्त्र ६.१ टक्क्यांवर उभे होते. कलेच्या इतिहासाचे पदवीधर ३ टक्क्यांवर निवांत. ज्या पदव्यांकडे आपण बोट दाखवले होते, त्यांतल्या काही बारा वर्षांनी मानवशास्त्राच्या शेजारी येऊन बसल्या. पगाराचे अंतर मात्र मिटलेले नाही, हेही सांगितले पाहिजे: मानवशास्त्राच्या तरुण पदवीधराला वर्षाला सुमारे ४२ हजार डॉलर, तर संगणक अभियंत्याला त्याच्या जवळपास दुप्पट. चाळिशीच्या आसपास मानवशास्त्रवाला ७० हजारांपर्यंत जातो. म्हणजे उपाशी राहत नाही, पण सुरुवातीची वर्षे ओढगस्तीची.

विद्यापीठांचे मानवशास्त्र विभाग यावर एक ठरलेली यादी पुढे करतात. जिम याँग किम २०१२ ते २०१९ जागतिक बँकेचे अध्यक्ष होते, ते मानवशास्त्रज्ञ. जेनेव्हीव्ह बेल १९९८ मध्ये इंटेलमध्ये गेल्या, त्या मानवशास्त्रज्ञ. ‘फायनॅन्शियल टाइम्स’च्या जिलियन टेट यांनी ताजिकिस्तानातल्या लग्नविधींवर प्रबंध लिहिला आणि पुढे २००८ च्या आर्थिक कडेलोटाआधी कर्जरोख्यांच्या बाजारातला धोका ओळखला, त्याही मानवशास्त्रज्ञ. बराक ओबामा यांच्या आई ॲन डनहम यांनी इंडोनेशियात गरिबांना छोटी कर्जे देणाऱ्या बँकेच्या योजनांवर काम केले, त्याही. नावे खरी आहेत, कामेही खरी आहेत. फक्त या सगळ्यांनी मानवशास्त्रात पीएच.डी. केलेली आहे, आणि किम तर वर वैद्यकीय डॉक्टरही आहेत. डॉक्टरेटच्या बळावर मिळालेले यश दाखवून पदवीच्या जागा भरायच्या, हा प्रकार खासगी क्लासवाल्यांना शोभतो.

नुसत्या पदवीवर काय मिळते, तेही पाहू. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या हिशेबात ‘मानवशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ’ म्हणून नोंदलेल्या नोकऱ्या देशभरात मिळून आठ हजारांच्या आसपास, २०२३ मधला त्यांचा मध्यम पगार सुमारे ६४ हजार डॉलर, आणि दारावरची पाटी: किमान एम.ए. हवे. पदवीवाल्यासाठी जे एक दार खरोखर उघडते, ते खणायच्या कामाचे. १९६६ च्या राष्ट्रीय वारसा कायद्यामुळे केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना लागणाऱ्या रस्त्याआधी, पुलाआधी, गॅसवाहिनीआधी जमिनीत काही जुने आहे का ते तपासावे लागते. अमेरिकेत पुरातत्त्व हा मानवशास्त्राचाच एक भाग मानतात, म्हणून ही तपासणी करणाऱ्या खासगी कंपन्या मानवशास्त्राचे पदवीधर घेतात. ताशी मजुरी, महिनोन्‌महिने मोटेलमध्ये मुक्काम, काम संपले की घरी. त्यातही आधी उत्खननाच्या उन्हाळी शिबिराचा अनुभव लागतो, आणि त्या शिबिराचे हजारो डॉलर विद्यार्थ्याने स्वतःच भरायचे असतात. खड्डा खणायची नोकरी मिळावी म्हणून खड्डा खणायला पैसे मोजायचे!

तरीही आपल्या राज्याला हे लोक लागतात. फ्लोरिडा सतत बांधत असतो. १९९८ मध्ये मायामी नदीच्या मुखाशी जुन्या इमारती पाडून टॉवर उभारायचा होता, तेव्हा चुनखडकात कोरलेल्या खळग्यांचे एक वर्तुळ सापडले. तिथल्या मूळ रहिवाशांची ती खूण राखण्यासाठी राज्य आणि काउंटीने मिळून १९९९ मध्ये ती जागा २ कोटी ६७ लाख डॉलरला विकत घेतली. त्या भूखंडाचा निर्णय माती चाळणाऱ्यांच्या नोंदींवर फिरला.

परताव्याचे गणित करताना दुसरी बाजू हटकून विसरली जाते: पदवीला पडले किती? फ्लोरिडाच्या रहिवाशाला गेन्सव्हिलच्या सरकारी विद्यापीठात वर्षाला साधारण ६,४०० डॉलर शिक्षणशुल्क पडते, आणि हुशार मुलाला राज्याच्या ‘ब्राइट फ्यूचर्स’ शिष्यवृत्तीमुळे तेही माफ. तीच पदवी मायामीतल्या खासगी विद्यापीठात घ्यायची तर शुल्कच वर्षाला ६० हजारांच्या आसपास. पगार मात्र दोघांचा एकाच बाजारात ठरणार. पहिल्याला हा सौदा परवडतो, दुसऱ्याने बापाची ऐपत पाहूनच पाऊल टाकावे. आणि पुण्या-नाशिकहून जाणाऱ्या मुलीसाठी गणित आणखी निराळे. तिला परराष्ट्रीयांचे, म्हणजे चौपटीहून जास्त शुल्क. शिवाय विज्ञान-अभियांत्रिकीवाल्या परदेशी विद्यार्थ्याला शिक्षणानंतर तीन वर्षे काम करायची मुभा असते, तर सर्वसाधारण मानवशास्त्राच्या पदवीवर एकच वर्ष. कर्ज काढून तिने हा विषय अमेरिकेत घ्यावा, असे कोणताही शहाणा माणूस सांगणार नाही.

महाराष्ट्रात तर हा विषय दोनच कारणांनी लोकांच्या कानावर असतो. एक, मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे. दुसरे, यूपीएससी. नागरी सेवेच्या मुख्य परीक्षेला एक वैकल्पिक विषय घ्यावा लागतो आणि मानवशास्त्राचा अभ्यासक्रम आटोपशीर असल्यामुळे अभियंते त्याच्यावर तुटून पडतात. २०१७ च्या परीक्षेत देशात पहिले आलेले अनुदीप दुरीशेट्टी हे बिट्स पिलानीचे अभियंता. त्यांचा वैकल्पिक विषय मानवशास्त्र. दिल्लीच्या राजेंद्रनगरात आणि पुण्याच्या सदाशिव पेठेत बी.ई. झालेली मुले नातेसंबंधांचे प्रकार आणि आदिवासी विकासाची धोरणे घोकत बसलेली असतात. अभियंत्यांनी मानवशास्त्र शिकून सरकार चालवायचे, ही व्यवस्था आपल्याला कदाचित मजेशीर वाटेल. पदवीची किंमत ती कुठे वापरायची यावर किती अवलंबून असते, हे तिच्यावरून दिसते.

पण हे पत्र लिहिण्याचे खरे कारण वेगळे आहे. ते मरिआना या गावाशी जोडलेले आहे, आणि ते आपल्याइतके कोणाला ठाऊक नसेल.

मरिआना हे फ्लोरिडाच्या वायव्येच्या चिंचोळ्या पट्ट्यातले गाव. तिथे राज्य सरकारने १९०० साली मुलांसाठी सुधारगृह काढले. नाव बदलत बदलत शेवटी ते ‘डोझिअर स्कूल’ म्हणून ओळखले गेले. शाळा चुकवली, घरातून पळाला, किरकोळ चोरी केली, एवढ्यावरही मुले तिथे डांबली जात. आवारात एक पांढरी इमारत होती. तिच्यात नेऊन चामड्याच्या पट्ट्याने कसे मारत, ते तिथून वाचलेल्यांनी म्हातारपणी तोंड उघडले तेव्हा जगाला कळले. जून २०११ मध्ये आपल्याच सरकारने पैशाच्या कारणावरून ही संस्था बंद केली. मानवशास्त्रज्ञांची गरज नाही हे आपले विधान त्यानंतर चार महिन्यांनी आले.

आवारात एका कोपऱ्यात ३१ पांढरे क्रूस उभे होते. राज्याच्या तपास यंत्रणेने तितक्याच कबरी धरल्या आणि अहवाल मिटला. मग साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ एरिन किमर्ली आपला चमू घेऊन तिथे गेल्या. कोसोव्होतल्या सामूहिक कबरींवर काम केलेल्या या बाई. त्यांच्याबरोबर जमीन वाचणारे पुरातत्त्वज्ञ होते, आणि म्हाताऱ्या नातेवाइकांशी, जुन्या कामगारांशी बोलून आठवणी टिपणारे सांस्कृतिक मानवशास्त्रज्ञही. जमिनीखाली पाहणारे रडार, संस्थेची अर्धवट दप्तरे आणि माणसांची स्मरणे, तिन्ही एकमेकांवर ठेवून पाहिल्यावर क्रूस आणि कबरी यांचा मेळ बसेना. खोदायला राज्याच्या एका खात्याने परवानगी नाकारली. तेव्हा ६ ऑगस्ट २०१३ रोजी आपल्या अध्यक्षतेखाली राज्य मंत्रिमंडळाने ती दिली. ५५ कबरी निघाल्या. कित्येक क्रुसांच्या कोपऱ्यापासून दूर, रानात, झुडपांत, एका वाटेखाली. त्यांतून ५१ जणांचे अवशेष बाहेर काढले गेले. १९४० मध्ये चौदा वर्षांचा असताना तिथून नाहीशा झालेल्या एका मुलाची ओळख २०१४ मध्ये डीएनएवरून पटली. त्याच्या बहिणीने ऐंशी उलटून जाईपर्यंत वाट पाहिली होती.

या कामाला खर्च किती आला? राज्य विधिमंडळाने १ लाख ९० हजार डॉलर दिले, केंद्राच्या न्याय खात्याने चार लाखांहून थोडे जास्त. फ्लोरिडात एखाद्या चौकातल्या सिग्नलच्या कामालाही याहून फार कमी लागत नसावेत. आणि परतावा? रुपया-आण्यांत पाहिले तर उलटाच. २०१६ मध्ये मृतांच्या नातलगांना अंत्यविधीसाठी प्रत्येकी साडेसात हजार डॉलरपर्यंत देणाऱ्या कायद्यावर आपणच सही केलीत. २०१७ मध्ये विधिमंडळाने माफी मागितली. २०२४ मध्ये आपल्यानंतरच्या गव्हर्नरांनी, जिवंत असलेल्यांच्या भरपाईसाठी, दोन कोटी डॉलरच्या निधीवर सही केली. म्हणजे मानवशास्त्रज्ञांनी राज्याचा खर्च वाढवून ठेवला. शंभर वर्षे वहीत न चढवलेले देणे त्यांनी उकरून काढले. व्यवसायात आयुष्य गेलेल्या माणसाला हे समजायला हवे: लपवलेले कर्ज शोधणाऱ्या हिशेबनिसाला कोणी बिनउपयोगी म्हणत नाही. मरिआनात जे निघाले ते पाहिल्यावर ‘राज्याला गरज नाही’ हे विधान उभे राहू शकत नाही, आणि ते मागे घ्यायला आपल्याला अजूनही उशीर झालेला नाही.

राहिली पदवीधराच्या खिशाची गोष्ट. फ्लोरिडाने मानवशास्त्रात नुसती पदवी घेतलेली एक बाई जगाला दिली: झोरा नील हर्स्टन. बालपण ईटनव्हिलमध्ये गेले. कृष्णवर्णीयांनी स्वतः वसवून स्वतः चालवलेले हे ऑर्लँडोजवळचे गाव. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयातून १९२८ मध्ये त्या बी.ए. झाल्या. गुरू होते फ्रान्झ बोआस. शिकलेले घेऊन त्या फ्लोरिडात परतल्या आणि लाकूडतोड्यांच्या, राळ काढणाऱ्यांच्या छावण्यांतून कथा-गाणी गोळा केली. १९३५ मध्ये ‘म्यूल्स अँड मेन’ आले, १९३७ मध्ये ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ ही प्रसिद्ध कादंबरी. पैशाच्या दृष्टीने या बाईंचे आयुष्य आपल्या मताला पुष्टी देणारेच आहे. पन्नाशी उलटल्यावर मायामीत मोलकरणीचे काम केले, १९६० मध्ये फोर्ट पिअर्सच्या सरकारी आश्रमात मृत्यू आला, कबरीवर दगड नव्हता. तो १९७३ मध्ये लेखिका ॲलिस वॉकर यांनी बसवला. झोराबाईंच्या त्या कादंबरीच्या आज लाखो प्रती खपतात, शाळा-महाविद्यालयांत ती शिकवली जाते. आणि काउंटीचा रस्ता रुंदावताना ईटनव्हिल चिरडले जाईल अशी भीती उभी राहिली, तेव्हा गावकऱ्यांनी १९९० मध्ये झोराबाईंच्या नावाने महोत्सव सुरू केला. दोन-अडीच हजार वस्तीच्या गावात दरवर्षी हजारोंनी पाहुणे येतात, हॉटेले भरतात. एका बी.ए.चा परतावा गावाला मिळतो आहे, बाईंना मिळाला नाही. कोणत्याही पगारतक्त्यात हा आकडा येत नाही.

आता मुद्द्याचे. आपल्या कारकिर्दीत दोन गोष्टी घडल्या. २०१२ मध्ये आपण नेमलेल्या समितीने सुचवले की मागणी असलेल्या तांत्रिक विषयांचे शुल्क गोठवावे आणि बाकीच्यांचे वाढू द्यावे. मानवशास्त्र घेणाऱ्या मुलाने कमी कमवायचे आणि जास्त भरायचे, असा तो विचित्र न्याय होता. तो अंमलात आला नाही, बरे झाले. दुसरी गोष्ट टिकली. २०१४ पासून फ्लोरिडाच्या सरकारी विद्यापीठांना काही निधी कामगिरीवर मिळतो, आणि त्या कामगिरीचा एक निकष आहे पदवीनंतर एका वर्षाने मिळणारा मध्यम पगार. एका वर्षात मानवशास्त्रवाला कुठे असतो? एम.ए.च्या अर्जात, शिबिरात, नाहीतर कॉफीच्या दुकानात. त्या वर्षीच त्याला तोलले तर तो हलकाच भरणार, आणि विभागप्रमुखाला कुलगुरूंपुढे मान खाली घालावी लागणार. फेडरल रिझर्व्हच्या तक्त्यातला ४२ हजार ते ७० हजारांचा प्रवास या निकषात कुठेच दिसत नाही.

जुलै २०२५ मध्ये आपण सिनेटमध्ये ज्या मोठ्या वित्त विधेयकाच्या बाजूने मत दिलेत, त्यातही पदव्यांची कमाई-चाचणी आहे. तिथे पगार मोजायचा आहे पदवीनंतर चार वर्षांनी, आणि तुलना करायची आहे फक्त शाळा संपवून कामाला लागलेल्या त्याच राज्यातल्या तरुणांशी. ही चाचणी निर्दोष नाही, पण फ्लोरिडाच्या निकषापेक्षा ती नक्कीच माणसाळलेली आहे.

तेव्हा विनंती अशी. ज्या कायद्याला आपण मत दिलेत त्याचाच दाखला देऊन फ्लोरिडाच्या विद्यापीठ मंडळाला सांगा की एका वर्षाचा निकष काढून किमान चार, जमल्यास दहा वर्षांचा ठेवा, आणि प्रत्येक पदवीच्या पगारासमोर ती पदवी घ्यायला विद्यार्थ्याच्या घरातून गेलेली रक्कमही छापा. मानवशास्त्र विभागांनाही सांगा की प्रवेश घेणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला ४२ हजारांचा आकडा, एम.ए.ची अट आणि शिबिराचा खर्च पहिल्याच दिवशी कळला पाहिजे. जागतिक बँकेच्या माजी अध्यक्षांचा फोटो त्यानंतर दाखवा. एवढे कळूनही जो हा विषय घेईल, त्याला फ्लोरिडाच्या सरकारी विद्यापीठात स्वस्तात शिकू द्यावे.